वऱ्हाड दिलं, किल्ला राखला

नगरचा भुईकोट किल्ला जवळपास गोल आहे. आत कुठूनही चालायला लागलं तरी माणूस फिरून तिथंच येतो. गेल्या हिवाळ्यात मामांनी आणि मी तटाच्या कडेनं दोन फेऱ्या मारल्या आणि दोन्ही फेऱ्या एकाच वादात गेल्या. निजामशाहीच्या चांदबिबीनं १५९६ मध्ये मोगलांशी तह करून वऱ्हाड देऊन टाकलं, ते बरोबर केलं की चूक?

वाद घरातला जुना आहे. मामा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार. त्या रेजिमेंटचं सेंटर नगरलाच, आणि निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधलं तेही भिंगारला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये लहान राज्यं कशी जगतात, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मामांना वाटतं मी तहांना फार मान देते, मला वाटतं ते तलवारीला फार देतात. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. पण आमच्या तोंडी नगरच येतं, आणि ज्या राज्याबद्दल आम्ही बोलत होतो त्याची राजधानी म्हणून हे गाव अहमद निजामशहानं १४९४ मध्ये सीनेच्या काठी वसवलं. म्हणून इथं नगर असंच लिहिते.

“हा तट बघ,” मामा म्हणाले. “डिसेंबर १५९५. अकबराचा शाहजादा मुराद आणि सेनापती खानखानान एवढी मोठी फौज घेऊन येऊन बसले. भिंतीखाली पाच सुरुंग पेरले. आतल्यांना खबर लागली, त्यांनी दोन निकामी केले, तिसरा उकरत होते तेवढ्यात मोगलांनी बत्ती दिली. पन्नासेक यार्ड तट खाली आला. भले भले सरदार मागं सरले. आणि ही बाई अंगावर बुरखा, हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले झेलले आणि रात्रीत तट पुन्हा बांधून काढला. सकाळी मोगल बघतात तर भिंत जागेवर! आता मला सांग, एवढं जिंकल्यावर मुलूख कुणी देतं का?”

“जिंकली नव्हती ती, मामा. हरली नव्हती, एवढंच.”

“एकच झालं.”

“एक नाही. आत दाणागोटा आटत चालला होता. बाहेर मोगलांचेही हाल होते, मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं, आणि विजापूरचा सुहेलखान मदतीला फौज घेऊन निघाल्याची बातमी आली होती. दोघंही थकलेले. अशा वेळी तिनं काय दिलं ते बघा. वऱ्हाड. ते नगरचं कधीपासून? मूळ इमादशाहीचं. मुर्तजा निजामशहानं ते १५७४ मध्ये घेतलं. म्हणजे दिलं तेव्हा त्याला बावीस वर्षं झाली होती. गंगथडी राखली, जुन्नर राखलं, नगर राखलं, आणि लहानग्या बहादूरला निजामशहा म्हणून मोगलांकडून मान्य करून घेतलं. अकबराचं वरचढपण मानायचं, एवढी मान झुकवली.”

“बावीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. मुलूख तो मुलूख. एकदा दिला की समोरच्याला कळतं, दाबलं की सुटतं.”

हे मामा मुद्दाम ताणत नव्हते. त्यांचा तसा मनापासून विश्वास आहे, आणि त्या विश्वासामागे पुरावाही आहे, तो पुढं आलाच. पण त्याआधी मी त्यांना एका गोष्टीची आठवण करून दिली. मोगल आपण होऊन नगरवर आले नव्हते, त्यांना बोलावणं गेलं होतं. गादीवर कुणाला बसवायचं यावरून दरबारात फळ्या पडल्या, आणि मियाँ मंजू या वजिरानं दुसऱ्या फळीला नमवण्यासाठी गुजरातेतून शाहजादा मुरादला पत्र धाडलं. मुराद निघाला, तेव्हा याला पस्तावा झाला. त्याच्याही आधी बुऱ्हाण निजामशहा अकबराच्या आश्रयाला राहून आला होता आणि अकबराच्या पाठबळावर १५९१ मध्ये गादीवर बसला होता. बसल्यावर मात्र त्यानं अकबराची ताबेदारी मानली नाही. लहान राज्यात मोठ्याचा पाय शिरतो तो बहुधा असा, घरातल्याच कुणीतरी कडी काढल्यावर. आजचे नकाशे पाहिले तरी हेच दिसतं.

“आणि चांदबिबीला हे खेळ नवे नव्हते,” मी म्हटलं. “तिचं लग्न हेच तहातलं एक कलम होतं. हुसेन निजामशहानं लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आंदण म्हणून सोलापूर दिलं, आणि आदिलशहाची बहीण आपल्या मुलाला करून घेतली. तेव्हा कुठं दख्खनच्या सुलतानांची एकी झाली आणि जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध ते एकत्र उतरले. नवरा मारला गेल्यावर विजापूरला अज्ञान पुतण्याच्या नावानं कारभार तिनंच पाहिला. तिथल्या एका सरदारानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं, तेही तिनं भोगलं. नगरला आली ती दोन दरबार आतून पाहून. कुठलं राज्य कशासाठी एक होतं आणि कशासाठी फुटतं, हे तिच्याइतकं दख्खनेत तेव्हा कुणाला ठाऊक होतं?”

मामांनी मान हलवली. पण त्यांच्याकडे पाथरी होती.

“तहाची शाई वाळली नव्हती तर मोगलांनी पाथरी दाबली,” ते म्हणाले. “वऱ्हाडात नव्हती पाथरी. तरी घेतली. मग पुन्हा निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही एक झाली आणि १५९७ ला गोदावरीकाठी सोनपेठजवळ लढाई झाली. सुहेलखान दोन दिवस लढला, पण हरला. वऱ्हाडही गेलं, पाथरीही गेली, आणि तीन वर्षांत हा किल्ला गेला. आता बोल.”

यावर बरेच दिवस माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. त्या दिवशी होतं, कारण मधल्या काळात मी शांतिसेनांविषयी शिकवत होते.

“पाथरी वऱ्हाडातली की नगरची, हे सांगायचं कुणी होतं मामा? मोगल म्हणाले आमची, हे म्हणाले आमची. वाद मिटवायला तिसरा माणूस नव्हता. आपल्याकडे दोन भावांत बांधावरून तंटा झाला तर पंच येतात, मोजणी होते, खुणा रोवतात. दोन राज्यांच्या बांधावर उभं राहणारं कुणीच नव्हतं. म्हणून मोजणी सोनपेठच्या रणात झाली. तह वाईट नव्हता, त्याला राखणदार नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ पासून माणसं पाठवायला सुरुवात केली ती ह्याच जागेसाठी. निळं शिरस्त्राण घातलेला जवान म्हणजे पाथरीच्या बांधावर उभा राहिलेला तिसरा माणूस.”

मामा थांबले. खंदकाकडे बघत म्हणाले, “त्या तिसऱ्या माणसाचं काय होतं ते मी सांगतो तुला.”

आणि त्यांनी कैलाहूनची गोष्ट सांगायला घेतली. ते स्वतः तिथं नव्हते. पण त्यांच्या रेजिमेंटची चौदावी बटालियन होती, आणि परत आलेल्यांशी ते बोललेले आहेत.

“सिएरा लिओन. केवढा देश? नकाशात बोट ठेवलं की झाकला जातो. तिथं दहा वर्षं यादवी. बंडखोर लोकांचे हात तोडायचे, बायापोरांचेसुद्धा. जुलै १९९९ ला लोमेला करार झाला. करारात बंडखोरांचा म्होरक्या फोदे संकोह याला काय दिलं, तुला ठाऊक आहे?”

“उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा. आणि हिरे ज्याच्या अखत्यारीत येतात त्या आयोगाचं अध्यक्षपद. शिवाय सगळ्यांना माफी.”

“म्हंजे वऱ्हाड दिलं.”

मी गप्प राहिले.

“ज्या हिऱ्यांवर त्याची बंदूक चालत होती, तेच त्याच्या हातात दिले, शांतता हवी म्हणून. आणि मग संयुक्त राष्ट्रांची फौज पाठवली, हत्यारं जमा करून घ्यायला. आमची कंपनी कैलाहूनला, मेजर राजपाल पुनिया कंपनी कमांडर, सोबत गोरखा रायफल्सची पोरं. बंडखोरांच्या मुलखाच्या पार आत. मे २००० मध्ये संकोहच्या माणसांनी शांतिसेनेचे पाचशेच्या आसपास जवान धरले. झांबियाचे, केनियाचे. आपल्या तुकडीला वेढा पडला. हत्यारं टाका म्हणाले, आपल्यांनी टाकली नाहीत. पंच्याहत्तर दिवस, पोरी. त्या रानात, पावसात. शेवटी जुलैत ऑपरेशन खुकरी झालं. इंग्रजांची चिनूक हेलिकॉप्टरं आली, आपली आली, गोरखा आणि ग्रेनेडियर्स पुढं सरकले, आणि आतले लढत बाहेर पडले. दोनशे बावीस भारतीय आणि अकरा निरीक्षक सुखरूप निघाले. एक हवालदार गेला. तुझा तिसरा माणूस बांधावर उभा राहतो खरा. पण त्याच्या हातात हत्यार नसेल, ते वापरायची परवानगी नसेल, तर तो राखणदार नाही, ओलीस आहे.”

हे ऐकताना अंगावर काटा येतो, आणि खोटं तर त्यात काहीच नाही. लोमेच्या करारात गुन्हेगाराला बक्षीस मिळालं होतं. तो करार मी वर्गात शिकवते तेव्हा मुलांना हेच सांगते. पण मामांच्या सांगण्यात दोन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या मी पुढं केल्या. धरलेले बहुतेक जवान बंदुकीनं सुटले नाहीत, बोलण्यांनी सुटले.

“लायबेरियाच्या चार्ल्स टेलरच्या मार्फत,” मामा लगेच म्हणाले. “ज्यानं बंडखोरांना हत्यारं पुरवली त्याच्याच मार्फत.”

“हो. आणि त्याच टेलरला पुढं सिएरा लिओनसाठी नेमलेल्या खास न्यायालयानं २०१२ मध्ये दोषी ठरवून पन्नास वर्षांची शिक्षा दिली. दुसरी गोष्ट अशी, की लोमे मोडल्यावर संयुक्त राष्ट्रं तिथून उठून गेली नाहीत. फौज वाढवली, साडेसतरा हजारांपर्यंत नेली. २००२ च्या आरंभी हत्यारं जमा करून झाली. शेवटची तुकडी निघाली ती डिसेंबर २००५ मध्ये. पाथरीच्या बांधावर उभ्या राहिलेल्यानं मार खाल्ला, तरी तो हलला नाही. लोमे आणि चांदबिबीचा तह यांत मला हाच फरक दिसतो. लोमे कितीतरी वाईट करार होता. तरी तो देश वाचला, आणि ही एवढी शहाणी बाई वाचली नाही.”

पहिली फेरी इथं पुरी झाली. दुसरी सुरू करताना मामांनी विचारलं, हे बांधावर उभे राहणारे असतात तरी कोण. त्यांना उत्तर माहीत होतं, फौजी माणसाला ते माहीतच असतं. माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. अमेरिका, रशिया, चीन यांच्या हातात सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आहे. उन्हातान्हात गस्त घालणारे मात्र नेपाळचे, बांगलादेशाचे, रवांडाचे, घानाचे. आपले तर आहेतच, आजवर दोन लाखांहून जास्त भारतीय जवान या कामावर जाऊन आले आणि दीडशेहून जास्त परतले नाहीत. फिजी घ्या. पॅसिफिकमधल्या बेटांचा देश, लोकसंख्या नऊ लाखांच्या घरात. आपल्या नगर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला ४५ लाख माणसं होती, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. तो देश १९७८ मध्ये लेबनॉनला फौज घेऊन गेला आणि तेव्हापासून पश्चिम आशियात त्याचे जवान तैनात होत आले आहेत. २०१४ मध्ये गोलान टेकड्यांवर त्याचे पंचेचाळीस जवान बंडखोरांनी पळवले. ते दोन आठवड्यांनी सुटले, त्यात कतारनं मध्यस्थी केली होती. जवान एका लहान देशाचे आणि मध्यस्थी करणाराही लहानच देश. मोठ्यांची तिथं काही मात्रा चालत नव्हती, कारण मोठा आला की त्याचा हेतू काय, ही शंका आधी येते. लहानाकडून घाबरण्यासारखं काही नसतं, हीच त्याची पत.

“मग मलिक अंबर?” मामा म्हणाले. “त्याला कोण तिसरा होता? नगर पडलं, निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत, सगळं संपलं असं दिल्लीनं धरलं. आणि या हबशी गुलामानं परांड्याला दुसरा मुर्तजा गादीवर बसवून पंचवीस वर्षं राज्य चालवलं. जहांगिरानं त्याच्या मुंडक्याला बाण मारतानाचं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात बाण लागला नाही म्हणून चित्रात मारला. गनिमी काव्यानं मोगल हैराण केले. भातोडीला काय केलं! मोगल आणि विजापूरकर दोघं मिळून अंगावर आले १६२४ ला. यानं तलाव फोडून रान चिखल केलं आणि दोघांना झोडपलं. शहाजीराजे होते त्याच्या बाजूनं, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. आपल्या तालुक्यातलं गाव आहे ते. लहान राज्यानं असं जगायचं असतं. देऊन नव्हे, लढून.”

“मामा, मलिक अंबरनं तह केले नाहीत?”

ते बोलले नाहीत.

“१६१७ मध्ये शाहजादा खुर्रमशी केला. हा किल्ला, आपण चालतोय तो, त्यानं मोगलांच्या हवाली केला. मग परत मुलूख घेतला. १६२१ मध्ये पुन्हा खुर्रम आला, पुन्हा तह, पुन्हा मुलूख दिला, वर खंडणी. भातोडी त्याच्या तीन वर्षांनंतरची. त्या दोन तहांनी सवड मिळाली नसती, तर भातोडीला फौज कुठली आणली असती त्यानं? तुम्ही अंबरचं लढणं धरता आणि चांदबिबीचं देणं धरता. अंबरचं देणं सोडून देता आणि तिचं लढणंही.”

“तो देऊन परत घेत होता.”

“तिला परत घ्यायला वेळच कुठं दिला?”

तिथून बोलणं पेमगिरीवर आलं. माझ्या मते निजामशाहीचा खरा शेवट भुईकोटात झाला नाही, पेमगिरीनंतर झाला. संगमनेर तालुक्यातला हा डोंगरी किल्ला. खाली मोठ्या वडासाठी लोक तिथं जातात. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधून पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं तीन वर्षं मुलूख सांभाळला. मग १६३६ मध्ये शाहजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह झाला. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला. माहुलीला शहाजीराजांना शस्त्र ठेवावं लागलं. त्या वाटणीत निजामशाहीच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. कुणी विचारलंही नाही. विजापूर, जे १५९६ ला सुहेलखानाला मदतीला धाडत होतं, तेच आता वाटेकरी झालं होतं.

“लहान राज्य स्वतः सही करतं तोवर जिवंत असतं,” मी म्हटलं. “दुसरे त्याच्याबद्दल सही करतात तेव्हा ते संपतं.”

मामांनी एवढंच विचारलं, “आणि त्या दिवशी शहाजीराजांकडे आणखी वीस हजार घोडा असता तर?” याचं उत्तर मला आजही देता येत नाही. असता तर कदाचित त्यांनाही बैठकीला बोलावलं असतं. या बाबतीत मामांचा मुद्दा मी मान्य करते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला बैठकीत कुणी जागा देत नाही.

आता आम्ही स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांना जिथं ठेवलं होतं त्या खोल्यांपाशी आलो. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशा काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इंग्रजांनी इथं आणून ठेवलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं आणि त्यात या किल्ल्यासाठी लढलेल्या चांदबिबीची आठवण काढली आहे. मामांना नेहरूंविषयी फार प्रेम नाही, बासष्टच्या चीन युद्धामुळे. पण तिथं उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं.

“कोरिया,” ते म्हणाले. “१९५३. लढाई थांबली, पण बावीस हजारांवर कैदी घरी जायला तयार नव्हते. त्यांना ठेवायचं कुणी? एका बाजूचा माणूस दुसऱ्याला चालेना. दोघांना चालला तो भारत. तेव्हा आपण कोण होतो? नवा देश, पोटाला अन्न नाही. पण नेहरूंनी फौज पाठवली. तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरकडचे. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं. बाहेर जवान बंदुका रोखून उभे, एक हुकूम दिला असता तर शेकडो मुडदे पडले असते. थोरातसाहेब स्वतः आत गेले. हत्यार नाही. कैद्यांच्या घोळक्यात उभे राहून बोलत राहिले, आणि माणूस सोडवून आणला. एक गोळी झाडली नाही. त्याबद्दल त्यांना अशोक चक्र मिळालं, दुसऱ्या वर्गाचं.” थोडं थांबून म्हणाले, “कोरियाचं सगळ्यांत अवघड काम त्या दिवशी बोलण्यानं झालं. हे मी रंगरूटांना सांगायचो. पण बाहेरच्या बंदुका भरलेल्या होत्या, हेही सांगायचो.”

मी त्यांना म्हटलं, “मग चांदबिबीलाही तेच माप लावा.”

“१६०० ला?”

“हो, १६०० ला.”

त्या वर्षी शाहजादा दानियाल आणि खानखानान पुन्हा वेढा घालून बसले. या वेळी विजापूरहून कुणी येणार नव्हतं. दरबार फुटलेला. चांदबिबीनं हिशेब केला की किल्ला टिकत नाही. तिचा बेत असा होता की किल्ला द्यायचा, पण बहादूरला घेऊन जुन्नरला सुखरूप निघून जायचं. म्हणजे भिंत सोडायची, राज्य राखायचं. तिनं हे दरबारातल्या हमीदखानाजवळ बोलून दाखवलं. तो बाहेर धावत जाऊन ओरडला की ही मोगलांना फितूर झाली. जमाव आत शिरला आणि तिला तिच्याच महालात मारलं. जिनं चार वर्षांपूर्वी खिंडारात उभं राहून याच लोकांना वाचवलं, तिला बोलणी करते म्हणून याच लोकांनी कापलं. काही दिवसांतच, ऑगस्टमध्ये, मोगल किल्ल्यात शिरले. बहादूर जुन्नरला गेला असता, तो ग्वाल्हेरला गेला आणि तिथून सुटला नाही.

“आणि मामा, तो जुन्नरचा बेत बघा. तुमच्या मलिक अंबरनं पुढं काय केलं? राजधानी परांड्याहून हलवली ती कुठं? जुन्नरला. तिनं जे करायचं ठरवलं होतं तेच त्यानं करून दाखवलं. तिला करू दिलं असतं, तर निजामशहा कैदेत गेला नसता आणि नवा शोधायची वेळ आली नसती. असं मला वाटतं. तिची चूक तहात नव्हती. घरातल्यांनी तह आणि फितुरी यांतला फरक ओळखला नाही.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते पूर्वेकडच्या डोंगराकडे बघत म्हणाले, “तो चांदबिबीचा महाल म्हणतात, तोही तिचा नाही.”

नाही. ती सलाबतखानाची कबर आहे, मुर्तजा निजामशहाच्या वजिराची. शहराबाहेरच्या डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत नगरमध्ये सगळे तिच्याच नावानं ओळखतात. तिची जुनी चित्रंही पुष्कळ आहेत, घोड्यावर, हातावर ससाणा घेऊन. हातात तहाचा कागद असलेलं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. मला ते बघायचं आहे. खिंडारात ती एक दिवस उभी राहिली, आणि बोलणीला बसली ती राज्याला आणखी चार वर्षं मिळवून देऊन उठली. या शहरानं तिच्या तलवारीचं कौतुक केलं, आता तिच्या तहाचंही करावं. शाळेत मुलांना खिंडाराची गोष्ट सांगतात तेव्हा जुन्नरच्या बेताचीही सांगावी, आणि तिला कुणी मारलं तेही, नाव घेऊन सांगावं.

“वऱ्हाड द्यायला नको होतं, हे मी सोडत नाही,” बाहेर पडताना मामा म्हणाले. “पण तिला मारणारा फौजी नव्हता. वाटाघाटीला गेलेल्या आपल्या माणसावर मागून वार करणाऱ्याला आम्ही फौजी म्हणत नाही.” पहाऱ्यावरच्या पोरानं त्यांना सलाम केला. खंदक ओलांडून आम्ही रस्त्यावर आलो.

मग त्यांनी विचारलं, “तो देश काय करतो गं आता? सिएरा लिओन?”

“२०१३ मध्ये त्यांनी आपली फौज सोमालियात पाठवली, आफ्रिकी संघाच्या शांतिसेनेत. आणि २०२४ व २०२५ ही दोन वर्षं ते सुरक्षा परिषदेचे निवडून आलेले सदस्य होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं.”